हद्दीचा खांब

माझ्या धाकट्या भावाला नाव नव्हते. बारशाआधीच तो गेला, आणि तो गेला त्या श्रावणात आमच्या वस्तीची दफनभूमी नाल्यापलीकडे अडकली होती. नाला दोन्ही काठ सोडून वाहत होता. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांची डागडुजी करणारे. वाशीमच्या स्टेशनामागची जमीन त्यांना आपल्या तळपायांइतकी ओळखीची होती. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले ते एवढेसे ओझे उचलले आणि रेल्वेच्या हद्दीवरल्या एका खांबाच्या पायथ्याशी, आतल्या बाजूला, काळ्या मातीत ठेवले. आई ओली बाळंतीण होती. आमच्या रेल्वेच्या खोलीच्या दारात ती चौकट धरून उभी राहिली.

परत आल्यावर वडिलांनी हातपाय धुतले. मातीचा चिकट, गार वास तरीही त्यांच्या अंगाला होता. ते आईला म्हणाले, "रेल्वेची जागा हाय. म्हंजे दिल्लीची. गावची जमीन इकते, वाटनीत जाते, तिच्यापायी लोकं डोकी फोडतात. इले कोनी हात लावत नाही."

त्यांचा हा विश्वास साधा नव्हता. ज्या माणसांना गावाने कधी जमिनीवर नीट उभे राहू दिले नाही, त्यांना गावाबाहेरच्या, दूरच्या मालकाची जमीन सर्वांत सुरक्षित वाटत असे. दिल्ली दूर होती, म्हणून ती वडिलांना आपली वाटे.

हद्दीचे खांब म्हणजे जुन्या रुळांचे कमरेएवढे तुकडे. साहेबांची तपासणी आली की वडील त्यांना चुना फासत, आणि ओल्या चुन्याचा तो स्वच्छ, झोंबरा वास दोन दिवस वाऱ्यावर राही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, पावसात फुगते. या ओढाताणीत आमचा खांब पूर्वेकडे कलला होता, कुणाचे बोलणे ऐकायला मान झुकवावी तसा. आईची खूण तीच. दुसरी खूण ठेवणे शक्य नव्हते, कारण सरकारी जागेत विनापरवानगी मूल पुरल्याचे कळले असते तर नोकरी गेली असती. आई गवत कापण्याच्या निमित्ताने जाई. ऐन चैत्रात मी तिला भेगांत तांब्याने पाणी सोडताना पाहिले आहे. तापलेली माती ते पाणी आवाज करीत पिई, आणि आई तो आवाज थांबेपर्यंत ऐकत बसे.

मग दुष्काळाची दोन-तीन वर्षे आली आणि सरली, आणि एका हिवाळ्यात वडिलांचे मुकादम आमच्या दारी चहा पिताना म्हणाले, "वहिनी, आता तुमची मजा हाय. स्टेशनामागची सारी जागा नगरपालिकेले भेटली. बाजार भरनार तिथं. केनवडची वांगी, शेलूबाजारची संत्री, समदं दारात."

आईच्या हातातली किटली तशीच राहिली. "ते त दिल्लीची जागा व्हती न, भाऊ?"

"दिल्लीनंच देल्ली. तिले कायले पाह्यजे इथलं गवत? तिनं काय म्हशी बांधल्या?" मुकादम स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

ते गेल्यावर आई वडिलांना म्हणाली, "साहेबाले सांगा. तेवढा कोपरा सोडा म्हना."

"काय सांगू? कोनाले इचारलं व्हतं आपन? नोकरी जाईन. ही खोली जाईन."

"मंग त्याले उचला. नाल्यापलीकडं नेऊ."

"आता काय उरलं असन त्या मातीत," वडील म्हणाले, आणि आईने तोंड फिरवले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "हे पाह्य. जमीन देल्ली, पन लोखंड रेल्वेचं हाय. खांब उपटाले आमचीच गँग राहीन. आपला खांब मी सोता काढतो अन् तिथंच खोल दगड गाडतो. बाजारात दगड कोनाले नडत नाही."

आईने नाल्यातून तो दगड आणला. काळा, अंड्यासारखा गुळगुळीत. ती तो पदराने पुसत बसली होती.

जमीन सोपवण्याच्या दिवशी मी शाळेत होते. त्या दिवशी काय झाले ते मला मुकादमांनीच फार वर्षांनी, त्यांना आमच्या बाळाचे काही ठाऊक नसताना, हसत सांगितले. टेबलावर हिरवे कापड होते, दोन्हीकडचे साहेब आले, सह्या झाल्या, पेढे वाटले. रुळांजवळ नवी हद्द पडायची होती, आणि साहेबांची ट्रॉली परतण्याआधी तिथे खांब उभे हवे होते. मुकादमांनी वडिलांना तिकडे जायला सांगितले; जुने खांब बाकीचे गडी उपटणार होते. वडील म्हणाले, मी इकडंच थांबतो.

"काहून बे? इकडं का तुये सासरे राह्यतात?"

सारी गँग हसली. वडीलही हसले म्हणे, आणि पहार खांद्यावर टाकून गेले. कोणती ओढ त्यांनी त्या हसण्याखाली दाबली, हे त्या भल्या माणसांना कसे कळणार?

मी परतले तेव्हा जागा ओळखू येत नव्हती. तरोटा, गवत, बाभळीची झुडपे, सारे गेले होते. खांबांचे खड्डे बुजवून त्यांवरून बैलांनी ओढायचा दगडी रोलर फिरला होता, आणि उलथलेल्या मातीचा ओला, गोडसर वास सगळीकडे होता. उपटलेले खांब फलाटाजवळ ढिगाने पडले होते. वडील त्या ढिगापाशी वाकून एकेका खांबावरून हात फिरवत होते. पण कल लोखंडात नव्हता, मातीत होता. आडवे झाल्यावर सगळे खांब सारखेच.

आई डोईवरचा पदर सावरत आली. तिच्या ओच्यात तो दगड होता.

"कुठं?"

वडिलांनी स्टेशनाच्या नळाकडे पाहिले, सिग्नलकडे पाहिले, पुन्हा नळाकडे. मग चालत गेले आणि थांबले. "इथं," ते म्हणाले. आवाज खंबीर होता. पण पहारेचे टोक त्यांनी एकदा टेकवले, उचलले, आणि वीतभर बाजूला पुन्हा टेकवले.

आई खाली बसली. तिने दोन्ही तळवे मातीवर टेकवले, जरा पुढे सरकवले, मग डावीकडे, मग आणखी लांब, जसे अंधारात पांघरूण चाचपावे. माती सगळीकडे सारखीच दडपलेली होती. ती तशीच थांबली. मग तिने मान वर करून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मी ते पाहणे कधीही विसरले नाही.

"हो," ती हळूच म्हणाली. रडत्या लेकराला समजावताना तिचा जो आवाज असे, तोच. "इथंच."

वडिलांनी खड्डा खणायला घेतला.