नऊ हजार तास आणि मूठभर अक्षता

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्न केला होता, कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती.

तेव्हा मी तिरोडा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नागझिऱ्याच्या बाजूला एका संस्थेची निवासी शाळा होती. तिथे वीस लॅपटॉप आले. वापरलेले, पण दुरुस्त करून पुन्हा विकलेले. प्रत्येकावर गोल चिकटपट्टी होती : 'वापर दोनशे तासांपेक्षा कमी'. उद्घाटन थाटात झाले. मंडप, शाली, चार भाषणे. संगणकयुगाचे स्वागत करणाऱ्या पाहुण्यांपैकी एकानेही लॅपटॉप सुरू करून पाहिला नाही. बंदोबस्ताला मीच होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

दोन महिन्यांत लॅपटॉप तापून बंद पडू लागले. संस्थेने जाब विचारताच गोंदियाचा पुरवठादार तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात हजर झाला. त्याचे म्हणणे, शाळेच्या प्रयोगशाळा सहायक बाईंनी चांगले लॅपटॉप बाहेर विकले, त्यांच्या जागी भंगार ठेवले आणि चिकटपट्ट्या काढून त्यावर लावल्या. त्याच सकाळी एक निनावी फोनही आला.

"बाईच्या घरी लॅपटॉपची बॅग हाये. पाहून घ्या."

अर्ज आणि निनावी फोन एकाच सकाळी आले, की पोलिसाने आधी अर्जदाराकडे पाहावे. मी बाईंच्या घराकडे पाहिले.

बॅग सापडली. आत त्यांच्या मुलीची पुस्तके होती. रिकाम्या बॅगा मुख्याध्यापकांनीच कर्मचाऱ्यांना वाटल्या होत्या, हे नंतर कळले. स्त्रीची चौकशी तिच्या राहत्या ठिकाणी करावी, हा नियम मला पाठ होता. पण तोवर संस्थेच्या अध्यक्षांचे दोन फोन येऊन गेले होते. मी बाईंना जीपमध्ये बसवून ठाण्यात आणले. साऱ्या गावाने पाहिले. बाई कंत्राटी होत्या आणि त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव नुकताच वर गेला होता. गुन्हा दाखल झाला असता तर तो प्रस्ताव तिथेच संपला असता.

त्यांना ठाण्यात बसवून मी शाळेत गेलो. जिल्ह्याच्या सायबर कक्षातला हवालदार आला होता. दोन पंच आणि पुरवठादार यांच्यासमोर त्याने पहिला लॅपटॉप सुरू केला.

"साहेब, हार्ड डिस्क किती तास चालली, ते तिच्याच पोटात लिहिलेलं असतं. वरची पट्टी काय, कोणीही चिकटवतो."

पडद्यावर आकडा आला. नऊ हजारांच्या वर.

पुरवठादार जवळजवळ टाळी वाजवणार होता. "देखा साहब? अपना माल दो सौ घंटे के अंदर का था. ये अपना हैच नहीं!"

दोन महिन्यांचे एकूण तास पंधराशेसुद्धा भरत नाहीत, आणि त्यातले निम्मे भारनियमन खाते. म्हणजे लॅपटॉप शाळेत जुने झाले नव्हते, जुनेच आत आले होते. प्रश्न एवढाच उरला, ते पुरवठादाराच्या टेम्पोतून आले की बाईंच्या हातून? अध्यक्षांचा तिसरा फोन आला. "अटक कधी दाखवता?"

मी ठाण्यात परतलो. महिला शिपाई शेजारी होती.

"बाई, खरं सांगा. अजून वेळ गेलेली नाही."

"खरं कायले लपवीन, सायब? तुमीच तं होते मंडपात. पायलं नाई काय?"

"काय पाहिलं नाही?"

"पाव्हण्यानं उघड्या लॅपटॉपवर मुठी भरभरून अक्षता टाकल्या. कुंकू, नारळाचं पानी. आमच्या घरी पूजापाठ नाई, पन पुसाले मीच! दोन दिवस पुसून राहिली होती. कीबोर्डच्या खाली गेलेले दाने तं निघालेच नाई. आता मले सांगा, मी लॅपटॉप बदलवले, मंग त्यात दाने कोनं टाकले? मीच काय?"

महिला शिपायाने तोंडावर रुमाल धरला. मी टोपी उचलली.

शाळेत पोहोचताच कोणत्याही लॅपटॉपला हात लावण्याआधी पुरवठादाराला विचारले, "उद्घाटनाच्या टेबलावर होते, ते तुमचेच?"

"सौ टका, साहब. अपने हाथ से लगाए थे."

"जबाबावर सही करा."

त्याने झोकात सही केली. मग हवालदाराने पहिल्या लॅपटॉपचा कीबोर्ड उचलला. खाली तांदळाचे सात-आठ दाणे आणि नारळाच्या पाण्यात कालवून पत्र्यावर घट्ट वाळलेले कुंकू. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. विसावा उघडेपर्यंत खोलीत फक्त स्क्रू पडल्याचा आवाज होता. विसांपैकी एकाही डिस्कचा आकडा आठ हजारांच्या खाली नव्हता.

"साहब, बैठ के बात करते हैं," पुरवठादार कपाळ पुसत म्हणाला.

"बसूच. ठाण्यात."

निनावी फोन त्याच्याच नोकराने केला होता. गुन्हा दाखल झाला, पण पुरवठादारावर.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. समारंभांविषयी माझे मत कधीच चांगले नव्हते. पण एका समारंभाने निरपराध बाईंना वाचवले, हे कबूल करावे लागेल. दुसरी गोष्ट माझ्याविषयीची. डिस्कवरचा तासांचा आकडा वाचायला मी जिल्ह्याहून माणूस बोलावला. बाईंनी त्या शाळेत किती वर्षे काम केले, हे विचारायला मात्र मला सुचले नाही. सहा वर्षे. त्या काळात साधी पेन्सिलही हरवली नव्हती.

संध्याकाळी मी माफी मागितली. बाईंनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "माफी ठेवा, सायब. उद्या सकाळी हेच गाडी पाठवा. गावातून न्या अन् प्रार्थनेच्या टायमाले शाळेच्या गेटावर उतरवा."

गाडी पाठवली नाही. मी स्वतः घेऊन गेलो. मैदानात पोरे रांगेत उभी होती. जीपचे दार मी उघडले आणि बाई खाली उतरेपर्यंत धरून उभा राहिलो.