मामांची आडवी गिटार

अमेरिकेच्या डोंगरांतलं दुःख आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या युरोपात एकच असेल, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. मामांनी अमेरिका पाहिलेली नाही. ते इथे बेस्ट नावाच्या डच गावात, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीतली चांगली नोकरी तरुणपणीच सोडून त्यांनी रेझोनेटर गिटार धरली. ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवतात; तिच्या पोटात धातूची पातळ वाटी असते, त्यामुळे ती गाते कमी, हंबरते जास्त. दौऱ्यावर आलेले अमेरिकन बँड मामांना मुद्दाम बोलावून घेत. मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र कुणीतरी हटकून म्हणे, "काका, एखादं जुनं हिंदी गाणं होऊन जाऊ दे!" मामा लगेच चपला शोधू लागत.

त्या डोंगरी अमेरिकन संगीतात प्रत्येकाने आपल्या वाट्याचं थोडंसं वाजवायचं आणि मान हलवून पुढच्याकडे सोपवायचं, असा रिवाज आहे. मामांनी मान कधीच हलवली नाही. पुण्यातल्या मैफली अंगात मुरलेल्या. एक सूर सापडला की त्यालाच आळवत बसत. बँजोवाला छताकडे बघे, फिडलवाली पाणी पिऊन येई. मामी म्हणत, "ह्यांना स्टेजवरून उतरवायला क्रेन मागवा."

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. हाउसआर्ट्सनी, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, नेहमीप्रमाणे आधी पॅरासिटॅमॉल सुचवली. मग स्पेशालिस्टने सांगितलं की नस निकामी झाली आहे, आता सुधारणार नाही. "उरलेल्या बोटांत भागवू," मामा म्हणाले. रोज सकाळी कांडी रबरबँडने बोटाला बांधून बसत. भिंतीपलीकडून येणारा सूर प्रत्येक वेळी जागेच्या जरासा अलीकडेच थांबे. मी किचनमधला नळ सोडून ठेवी.

नायमेखन शहरातल्या कार्यक्रमाला मामींना जमलं नाही, म्हणून सोबत मी गेले. मामांचा वाटा आला. दोन-चार सूर नीट लागले, आणि मग कांडी निसटून तारांवर आदळली. ताटली पडल्यासारखा आवाज झाला. बँड ठेका धरून थांबला. हवा तेवढा वेळ घ्या, असंच जणू सगळे सांगत होते. मामांनी बँजोवाल्याकडे बघितलं आणि मान हलवली.

परतताना ट्रेनमध्ये त्यांनी विचारलं, "कसं झालं गं?"

"छान झालं, मामा."

"एरवी माझं कौतुक इंग्लिशमध्ये करतेस. आज धीर द्यायला बरी मराठी सुचली!"

मी खिडकीकडे वळले. बाहेर काहीच दिसत नव्हतं, काचेत फक्त आम्ही दोघं होतो. ते म्हणाले, "बँजोवाल्या पोराने मात्र माझा सूर अलगद उचलला, नाही?"

मी हो म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.