हळू जा म्हणायची चोरी

कोपरीत स्टेशनजवळ मी लिंबू-मिरची ओवून विकते. दर शनिवारी एक बाई येते. नाव विचारायचा मला धीर झाला नाही. उभी राहिली तरी तिचा पाय हलतच असतो. पदर बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते.

परवा शेजारची फुलवाली तिला म्हणाली, "काय ताई, पेढे कधी? पोरगा आता जगातल्या सगळ्यात मोठ्या कार रेसला चालला ना!"

बाई हसली, पण पाय थांबला नाही.

मी हळूच विचारलं, "ही लिंबू-मिरची त्याच्या गाडीला बांधता?"

"छे गं, तिकडे दोरासुद्धा बांधू देत नाहीत. त्याची जुनी स्कूटर आहे ना बिल्डिंगखाली, तिला बांधते." मग म्हणाली, "सगळ्या आया पोरांना गाडी हळू चालव म्हणतात. मला तेवढं म्हणायचीपण चोरी. हळू गेला तर हरेल ना तो!"

मी तिला बिनडागाचं लिंबू निवडून दिलं.

घरी आले तर माझा मुलगा बाईक काढत होता. "हळू जा रे," मी म्हटलं.

"रोज काय तेच, आई!"

मी परत म्हटलं. ते त्या बाईच्या वाट्याचं होतं.