खोबरं वाटणारे आबा

मोरगावहून बारामतीला येताना एसटीत एक म्हातारे आबा माझ्या आणि एका आफ्रिकन विद्यार्थ्याच्या मधे येऊन बसले. मांडीवर फडक्यात प्रसादाचा फोडलेला नारळ होता. बसल्या बसल्या त्यांनी त्या पोराची चौकशी सुरू केली. तो मोडक्या हिंदीत बोलायचा, मी मराठी करून सांगायचो.

त्याच्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात गटागटांतली भांडणं मिटावीत म्हणून पाच उपराष्ट्राध्यक्ष नेमलेत, हे ऐकून आबा खूश झाले.

"पाच? आन् उद्घाटनाचा नारळ कोण फोडतं?"

"नारळ नसतो. पण मान राष्ट्राध्यक्षांचाच."

"मग भांडणं मिटली का?"

"नाही. आता ते पाचही भांडतात."

आबांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "मी दूध संस्थेत उपाध्यक्ष व्हतो. नारळ अध्यक्षानं फोडायचा, फोटू बी त्याचाच. मी आपलं खोबरं वाटायचो. पाचांनी वाटायला घेतलं, तर भांडायला येळ कुठं ऱ्हातो?"

मग फडकं सोडून ते उठले आणि डुलत्या बसमध्ये प्रत्येकाच्या हातावर खोबरं ठेवत थेट ड्रायव्हरपर्यंत गेले.

पोरगा खोबरं चावत माझ्याकडे वळला. "ह्यांना सहावे म्हणून पाठवाल का?"