इंजिनावरचं तीर्थ

आई अंबाबाईवर मी रागावलो होतो, हे आधीच कबूल करतो. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या मुरगूडला माहीत आहे. पशुखाद्याच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा आधी माझं तोंड बघतं, मग भाव विचारतं. पण देवीवर रागवायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं. सकाळी साडेनऊची तिची वेळ. उशीर झाला की पुढच्या पेशंटला घेतात, आणि एक पाळी चुकली की तिच्या अंगावर सूज चढते, चार पावलं टाकली तरी दम लागतो. एवढ्यासाठीच टर्बोची नवी गाडी घेतली होती, म्हटलं पटकन जाईल, बाईमाणसाला धक्के बसणार नाहीत. आणि तीच गाडी नेमकी मंगळवारी आणि शुक्रवारीच वाटेत गचके द्यायला लागली.

इतर दिवशी तिला काही होत नसे. उधारी वसूल करायला आजूबाजूच्या गावांत न्या, पाव्हण्यांकडं न्या, लोण्यासारखी चालायची. पण या दोन दिवशी मुरगूड सोडलं, पुढं उसाची ट्रॉली आली, ओलांडायला म्हणून पाय दाबला की गाडी थरथरायची, समोरचा पिवळा दिवा उघडझाप करायचा आणि सगळा जोर निघून जायचा. पुढं ट्रॉली, मागं एसटीचा भोंगा, शेजारी पिशवी छातीशी धरून बसलेली बायको. कागल सोडून हायवेला लागलो की गाडी आपोआप ताळ्यावर यायची, आणि परतताना तर शहाण्या पोरासारखी घरी. एका मोठ्या वर्कशॉपात तीनदा दाखवली. लॅपटॉप लावले, प्लग बदलले, पेट्रोलला दोष दिला. शेवटी काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "काका, गाडीत काही नाही, तुमच्या मनात आहे." बायको बरोबर नसती तर त्याला माझ्या मनात काय आहे ते दाखवलं असतं.

मंगळवार, शुक्रवार हे देवीचे वार. त्यामुळं माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की आई मला काही तरी सांगतेय, आणि जे सांगतेय ते चांगलं नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा केली तेव्हा हार घातला, लिंबू चाकाखाली ठेवलं आणि बॉनेट उघडून घरच्या देवीच्या अभिषेकाचं तीर्थ इंजिनावर घातलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला निघालो तर पहिला गचका बसला, तेव्हापासून मी ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी घालायला लागलो. दूध, पाणी, हळदकुंकू, सगळं देवीच्या अंगावरून आलेलं. एक पळी इंजिनाच्या बरोबर मधोमध घालायची, हात जोडायचे आणि निघायचं. हे मी वर्कशॉपात कधी बोललो नाही. असलं काही गॅरेजवाल्याला कोण सांगतं?

मग एका मंगळवारी गाडी कागलच्या अलीकडं तीनदा बसली आणि आमची पाळी चुकली. शुक्रवारपर्यंत बायकोचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. गाडीत बसताना ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, आज जर वाटेत बसली तर मला परत घरी न्या. पुन्हा डायलिसिसलाही नेऊ नका. असं रस्त्यावर जीव टांगून बसायचं मला आता होत नाही." त्या दिवशी मी पळी बाजूला ठेवली होती आणि अख्खी वाटी इंजिनावर ओतली होती. 'आई, आता तरी ऐक', असं चक्क दरडावून म्हणालो होतो.

त्या दिवशी गाडी हायवेला लागूनही ताळ्यावर आली नाही. गचके खात, धापा टाकत कशीबशी उचगावपर्यंत आली आणि सर्व्हिस रोडला एका पत्र्याच्या शेडसमोर बंद पडली. वाटेत किती तरी मोठी गॅरेजं मागं टाकली होती. ती बरोबर तिथंच का थांबली, मला माहीत नाही. मी खाली उतरून चाकाला लाथ घातली. शेडमधून चाळिशीचा एक माणूस हात पुसत बाहेर आला. मिलिंद त्याचं नाव, हे नंतर कळलं.

"काय झालं पावणं?" म्हणत तो आला, पण त्यानं गाडीकडं बघितलं नाही. काचेतून आधी बायकोचे सुजलेले पाय आणि छातीशी धरलेली दवाखान्याची पिशवी बघितली. "डायलिसिस हाय काय काकू? कितीची वेळ?"

"साडेनऊ," ती म्हणाली.

"मग चला की! गाडीचं मागनं बघू. गाडी काय पळून जात न्हाय."

त्यानं स्वतःची जुनी व्हॅन काढली, मागची सीट झटकली आणि आम्हाला बसवलं. आमचं गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. वाटेत मात्र विचारलं, "कवा कवा करतंय हे?" मी म्हणालो, "लहर येईल तेव्हा करतंय, मेलं." मागून बायको म्हणाली, "लहरीवर नाही करत ती." दवाखान्याच्या दारात उतरताना तिनं पिशवीतून डायलिसिसची वही काढून मिलिंदच्या हातात दिली. "मागची पानं बघा. उपयोग झाला तर बघा." साडेनऊला पाच मिनिटं कमी होती. ती आत गेली तेव्हा मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला रडू आलं.

वहीच्या पुढच्या पानांवर वजन, बीपी, दिवसाचं पाणी. मागच्या पानांवर आमच्या गाडीच्या नोंदी होत्या, आणि मला त्यांचा पत्ता नव्हता! बायकोनं गावच्या दूध संस्थेत बावीस वर्षं फॅट तपासलंय. दूध कुणाचं आहे ते न बघता त्यात काय निघालं तेवढं लिहायचं, ही तिची सवय. शेडमध्ये परत आल्यावर मिलिंदनं मला चहा सांगितला आणि स्वतः वही वाचत बसला. मग मोठ्यानं वाचायला लागला. "शुक्रवार. धुकं. तीर्थ एक पळी. सिद्धनेर्लीपुढं ट्रॉली ओलांडताना तीन गचके. परतताना नाही. मंगळवार. ऊन. तीर्थ एक पळी. दोन गचके. परतताना नाही. शुक्रवार. उठायला उशीर, तीर्थ राहिलं. गचका नाही." तो थांबला. "काका, हे तीर्थ कुठं घालतासा?"

माझं डोकं सणकलं. शेडच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पुढं ताजी फुलं. तिच्याकडं बोट करून मी म्हणालो, "तुमचा आमच्या देवीवर विश्वास नसंल, म्हणून तीर्थाला नावं ठेवू नका." हे ज्या माणसानं तासाभरापूर्वी माझ्या बायकोला वेळेत पोचवलं, त्याला. आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

तो चिडला नाही. "देवीला कुठं काय म्हनलोय मी? बॉनेट उघडा की," एवढंच म्हणाला.

पुढचे तीन तास मी त्या माणसाचं काम बघितलं. त्यानं आधी इंजिन निवू दिलं, तोवर वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग ठिणगीला वीज पुरवणारी तीन कॉइल एकेक करून उपसली, कापडावर ओळीनं मांडली आणि प्रत्येकाची जागा खडूनं लिहून ठेवली. मधल्या कॉइलचं रबर चिरलेलं होतं. त्याखाली प्लग बसतो त्या खड्ड्यात लालसर पाणी साचलं होतं. त्यानं बोट बुडवून वास घेतला. आंबलेलं दूध. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी एक काळी रेघ होती, ती त्यानं मला भिंगातून दाखवली. "टर्बो काय करतो काका, हवा दाबून दाबून भरतो. त्या दाबात ठिणगी पडाय वीज लई जोराची लागती. हळू चालवताना भागतंय. तुमी ट्रॉली वलांडाय पाय दाबला की विजेला खाली जायला जड जातंय, आन बाजूला ही वली वाट हायच की! मग पळती तिकडनं." इंजिन तापलं की पाणी आटतं, म्हणून परतताना काही नाही. आणि वर्कशॉपात गाडी जायची ती सुकून.

मला पटलं होतं, पण त्याला अजून खात्री करायची होती. "सापडलं म्हनून थांबायचं न्हाय. तेच हाय का, ते बगायचं." त्यानं सगळं पुसून, वाळवून जुनंच बसवलं आणि मला घेऊन उड्डाणपुलाच्या चढावर गाडी रेटली. पहिल्या फेरीला गचका नाही. मग खाली येऊन त्याच जागी बोअरचं साधं पाणी एक पळी घातलं. चढाला लागलो आणि गाडी तशीच थरथरली, तोच दिवा, तीच उघडझाप. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "बगितलासा? बोअरच्या पान्यानंबी तेच. तुमच्या आईचा काय दोष न्हाय ह्यात." गेले कित्येक आठवडे मी देवीकडून जे ऐकायला तरसलो होतो, ते मला या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं. ती माझ्यावर रुसली नव्हती. मीच तिच्या नावानं इंजिनात पाणी ओतत होतो.

परत येऊन त्यानं प्लग आणि रबर नवं घातलं आणि पुलावर पुन्हा तीन फेऱ्या मारल्या. गाडी पाखरासारखी गेली. नंतर तो जे वागला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खड्ड्यातलं लाल पाणी त्यानं एका फडक्यानं टिपून घेतलं होतं. ते फडकं त्यानं कचऱ्यात टाकलं नाही. शेडच्या कडेला जास्वंदीचं झाड होतं, त्याच्या बुडाशी जाऊन ते पिळलं. तो सहज म्हणाला, "तीर्थ हाय न्हवं तुमचं. पायाखाली कशाला?"

मी त्याचे हात धरले आणि माफी मागितली. त्यानं "जावा की आता, काकू वाट बघत असतील" म्हणून मला घालवून दिलं.

दवाखान्यात बायको पाळी संपवून बाकावर बसली होती. चेहरा उतरलेला, पण श्वास मोकळा. येताना गाडीत तिला सगळं सांगितलं. ती नुसतं हं हं करत होती. मग मी विचारलं, "तुला कळलं होतं ना? तूच लिहिलंयस, तीर्थ राहिलं, गचका नाही. मग बोलली का नाहीस? स्वतःचा जीव पणाला लावून गप्प बसलीस?"

ती बाहेरच्या उसाकडं बघत होती. "एकदाच राहिलं होतं तीर्थ. एकावरून खात्री होत नाही, अजून एकदा बघावं म्हटलं," ती म्हणाली. मग पिशवीचे बंद आवळत, "आणि तुम्ही हात जोडून उभे असायचा. माझ्यासाठी तुमच्या हातात तेवढंच होतं. ते कसं काढून घेऊ?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आईला शरण जायचं म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी तिच्यापुढं हात जोडत होतो आणि तिला हुकूम सोडत होतो. तिनं ऐकलं नाही की जास्त ओतत होतो. शरण गेलो तो उचगावच्या त्या शेडमध्ये, जेव्हा बॉनेट उघडून दिलं आणि दुसऱ्याच्या हाताला आपलं गुपित बघू दिलं. आई कुठल्या रूपात येते हे सांगायची माझी पात्रता नाही. खडूनं जागा लिहिणारा तो माणूस आणि वहीत गचके लिहिणारी माझी बायको, या दोघांना मी मनोमन रोज नमस्कार करतो.

अभिषेक अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी होतो. इंजिनावर आता काही पडत नाही. तीर्थ मी बायकोच्या तळहातावर देतो, एकच पळी, कारण तिला दिवसाचं पाणी मोजून प्यायचं असतं. ती ते घेते, डोळ्यांना हात लावते, आणि वही उघडून त्या दिवसाच्या पाण्यात पहिल्या ओळीला लिहिते, 'तीर्थ एक पळी'. मग आम्ही निघतो.