पांदणीतलं डिफरन्शियल

गेली बावीस वर्षं मी वर्ध्यातल्या एका तंत्रनिकेतनात मोटारीचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारं यंत्र, शिकवतो. फळ्यावर ते इतक्यांदा काढलंय की झोपेतही काढीन. चालवत मात्र होतो एक जुनी छोटी गाडी, जिच्यात शिकवण्यासारखं काहीच नव्हतं. मग पन्नाशी जवळ आली, माझं डोकं फिरलं आणि नागपूरच्या एका डॉक्टरांनी वापरून कंटाळलेली सहा सिलिंडरची परदेशी गाडी मी घरी आणली. इंजिन पुढं, जोर सगळा मागच्या चाकांवर. बायकोनं दारातूनच पाहिलं आणि विचारलं, "हिच्यात भाजीच्या पिशव्या कुठं ठेवायच्या?"

मी म्हटलं, पिशव्यांचं सोड, हिच्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे.

ते काय असतं हे मी त्या महिन्यात दूधवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. साध्या गाडीचं एक मागचं चाक चिखलात घसरलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकातच वाया जाते. ते गरगर फिरत बसतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं बघत राहतं. आमच्या गाडीत तसं नाही. एक घसरलं की हे यंत्र दुसऱ्यालाही कामाला लावतं. सरकारी कार्यालयात आणि माझ्या गाडीत हाच फरक आहे, असं मी म्हणायचो आणि मीच हसायचो.

शिवाय फोनवर व्हिडिओ होते. एक दाढीवाला गृहस्थ बर्फात अशीच गाडी चालवून चाकांची पकड कशी वाढवायची ते शिकवायचा. मी बर्फ पाहिला तो रसवंतीतला, पण त्याचं सगळं मी मनावर घेतलं. चाकं घसरायला लागली की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारं एक बटण गाडीत होतं. खऱ्या चालवणाऱ्यानं ते बंद ठेवावं, असं त्याचं मत होतं. मी ते पहिल्या दिवसापासून बंद ठेवलं. वर्ध्याच्या रस्त्यावर माझ्यापुढं कायम एक ऑटो असायचा, त्यामुळं खऱ्या चालवण्याची वेळ कधी आली नाही.

ती पोळ्याला आली. माझा थोरला भाऊ, दादा, हिंगणीच्या पुढं आमच्या गावात वांगी-टमाटे आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, करतो. भाजी सेलूच्या बाजारात जाते. नांगरटीला आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो, पण त्यानं बैलजोडी ठेवली आहे. जोडीतला एक बैल आमच्याच गोठ्यात जन्मलेला. आई होती तेव्हाचा. त्याचा पुढचा गुडघा सुजलेला असतो, वर्षभर त्याच्या मानेवर जू ठेवलेलं नाही. दादा त्याला नुसतं 'बुढा' म्हणतो. मी सहा वर्षांत पोळ्याला गेलो नव्हतो. परीक्षा, प्रशिक्षण, पाहुणे, कारणांचा मला कधी तुटवडा पडलेला नाही.

दादाचा फोन आला. तो फोनवर चार वाक्यांच्या वर बोलत नाही.

"बुढ्याचा हा आखरीचा पोया हाय. मंग तो एवढं चालत गावात येऊ शकनार नाई. एकडाव तोरनाखालून गेला पायजे. येजो."

मी म्हटलं, येतो, नवी गाडी घेऊन थेट शेतावरच येतो.

"पांदनीत गारा हाय. बसनं येजो, मी फाट्यावर येतो घ्याले."

मी हसलो. गारा म्हणजे चिखल, आणि चिखलासाठीच तर डिफरन्शियल आहे, असं मी त्याला समजावलं. बैलजोडीचं उदाहरण दिलं. एक बसला की दुसरा ओढतो, तसं. मग तो म्हणाला, "हे त बैलाइले आधीपासून माईत हाय," आणि फोन ठेवला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. बायको म्हणाली, "गाडी गावातल्या घरी लावू आणि शेतावर पायी जाऊ." शहाणं माणूस असंच करतं. मला मात्र दादाला गाडी दाखवायची होती, आणि उभी दाखवायची नव्हती. घर मागं टाकून मी पांदणीत शिरलो. पांदण म्हणजे शेतांकडं जाणारी गाडवाट. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या कपाशीला रानडुकरांसाठी घातलेलं तारेचं कुंपण, मधे एका बैलबंडीपुरती जागा आणि आठ दिवसांच्या पावसानं लोण्यासारखी झालेली काळी माती. समोर, पांदणीच्या टोकाला, दादा बैल घेऊन निघालेला दिसत होता. बुढा हळू चालतो म्हणून तो सगळ्यांच्या आधी निघाला होता. दोन्ही बैलांवर लाल झुली होत्या, शिंगांना रंग होता, बेगड होती. मी त्यांना पाहिलं, आणि दाढीवाल्या गृहस्थाचं स्मरण करून पाय दाबला.

आता शास्त्र सांगतो, कारण त्या दिवशी माझ्याकडं तेवढंच होतं. साध्या गाडीचं एक चाक फिरलं असतं, एक खड्डा झाला असता, गाडी सरळ रुतली असती. बाजूनं बैल अंग चोरून निघून गेले असते. माझ्या यंत्रानं मात्र फळ्यावर लिहिल्याप्रमाणं दोन्ही चाकांना सारखी ताकद दिली. दोन्ही चाकं सारखी घसरली. आणि दोन्ही घसरली की गाडीचं मागचं अंग धरून ठेवायला काहीच उरत नाही. ते जिकडं उतार तिकडं जातं. बूड नाल्याच्या काठाकडं गेलं, तोंड कुंपणाला टेकलं आणि गाडी पांदणीत आडवी होऊन बसली. बुडाखाली दोन खड्डे झाले होते, एकसारखे.

मी आणखी जोर दिला. खड्डे आणखी खोल झाले.

दादा बैल घेऊन समोर येऊन उभा राहिला. त्यानं गाडी पाहिली, चाकं पाहिली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, "काऊन रे, तुले सांगतलं होतं ना."

शेजारचा म्हातारा शेतकरी दोन गड्यांसह आला. या भागात सगळे त्याला मामा म्हणतात. त्याची जोडी त्याचा मुलगा आधीच गावात घेऊन गेला होता. मामानं कुंपण सोडायची तयारी दाखवली, पण दादानं मान हलवली. शेतातल्या गाऱ्यात बुढ्याचा पाय गेला तर निघाला नसता. ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. ट्रॅक्टरही हार घालून देवळापाशी उभा केलेला होता आणि तिथं वाजंत्री सुरू झाल्यामुळं मालकाला फोन ऐकू जात नव्हता. वाजंत्री आम्हाला ऐकू येत होती. दिवस कलला की जोड्या देवळापुढच्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून जाणार आणि ते तुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं पन्नास जोड्या उभ्या असताना एकीसाठी कोण थांबणार?

आम्ही ढकललं. मी चालवत होतो, बाकीचे ढकलत होते. मामाच्या तोंडावर गारा उडाला तेव्हा त्यानं तो पुसला आणि शांतपणे विचारलं, "हे कायले एवढी बोंबलते?" मी त्याला अश्वशक्ती समजावू लागलो. दोनशे अठ्ठावन्न घोडे, मी म्हणालो. मामानं समोर उभ्या दोन बैलांकडं पाहिलं.

त्याच्या त्या पाहण्यानंच मला ते सुचलं असावं. मी दादाजवळ गेलो आणि म्हणालो, दोर आहे, जोडी समोरच उभी आहे, दोन मिनिटांचं काम आहे. बुढा नको तर नुसता दुसरा, जवान बैल लाव.

दादा माझ्याकडं बघत राहिला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

"काल खांदे शेकले त्याइचे," तो म्हणाला. "तूप-हयद लावली. कानात सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आन आता दोर टाकू?"

मी म्हटलं, पण नाहीतर तोरण चुकेल.

"चुकलं त चुकलं. वर्षाचे बाकी दिवस आपले हाय. हा त्याइचा हाय."

लहानपणी पोळ्याला बैलांवर साधी काठी उचलली म्हणून आईनं मला उपाशी ठेवलं होतं. हे मी विसरलो नव्हतो. मला फक्त त्या क्षणी गाडी जास्त महत्त्वाची वाटली होती. याची लाज मला आजही वाटते.

मग मामानं सूत्रं हाती घेतली. त्यानं गाड्यांबद्दल कुठलाही व्हिडिओ पाहिलेला नव्हता. आधी त्यानं मागच्या दोन्ही चाकांतली निम्मी हवा सोडायला लावली, म्हणजे चाक पसरतं आणि जास्त जमीन धरतं. मग गड्यांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गंजीतून गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, भारे आणले आणि दोन्ही चाकांमागं खड्ड्यात दाबून भरले. "आता मागं वजन पायजे," मामा म्हणाला आणि सगळ्यांवरून नजर फिरवून त्यानं मला निवडलं. डिकी उघडून मला आत बसवलं. माझ्या शेजारी एक गडी बसला.

"मग चालवणार कोण?" मी विचारलं.

"ज्याचा पाय हलका हाय ते."

बायको आधीच चालकाच्या जागेवर बसली होती. तिनं ते बटण शोधलं आणि मी इतके महिने बंद ठेवलेलं यंत्र सुरू केलं. उलटा गिअर टाकला आणि पाय जवळजवळ ठेवलाच नाही. गाडी बोंबलली नाही. पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या, चाकांनी त्या धरल्या, दोन्हींनी एकदम, आणि बूड सावकाश नाल्यापासून दूर सरकत पांदणीत सरळ झालं. डिफरन्शियलनं त्या दिवशी काम केलं, हे मला मान्य करावंच लागेल. फक्त त्याला आधी चाकांखाली धरायला काहीतरी लागत होतं, आणि ते माझ्या बावीस वर्षांच्या शिकवण्यात नव्हतं.

गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून सगळी पांदण बायकोनं उलटीच काढली. पुढं माझी गाडी, बूड गावाकडं करून, उघड्या डिकीत पाय सोडून मी बसलेलो. गाडीच्या तोंडासमोर दोन्ही बैल आणि त्यांचे कासरे धरून दादा. बुढा दोन तास गाऱ्यात उभा राहून आखडला होता. दर दहा पावलांना थांबत होता आणि तो थांबला की बायको गाडी थांबवत होती. मी डिकीतून मान वळवून पाहायचा प्रयत्न केला, पण मला फक्त गाडीची आतली गादी दिसली.

गावात शिरलो तेव्हा वाजंत्री थांबलेली होती. जोड्या घरोघर निघाल्या होत्या. तोरणाच्या दोन्ही बल्ल्या तशाच उभ्या होत्या, मधे काही नव्हतं, आणि लोक तुटलेल्या तोरणातली आंब्याची पानं हातात घेऊन जात होते. डिकीत बसून उलटा येणारा प्राध्यापक पाहून दोघं-तिघं हसले. मागून बुढा लंगडत आलेला पाहिला तेव्हा ते हसायचे थांबले. एका म्हाताऱ्यानं दादाला म्हटलं, "लय वाट पायली रे." दादानं मान डोलावली, कासरा जरा सैल केला आणि त्या दोन बल्ल्यांमधून, वर काहीही नसताना, बैल हळूहळू घराकडं नेले.

दारात वहिनी आरतीचं ताट घेऊन उभी होती. रिवाजाप्रमाणं आधी बैलांचे पाय धुतात, ते तीच धुते. त्या दिवशी तिनं माझ्या हातात तांब्या दिला.

"तुमी धुवा, भाऊजी."

मी खाली बसलो. बुढ्याच्या पायांना गुडघ्यांपर्यंत काळा गारा चिकटून वाळला होता, तो नुसत्या पाण्यानं जाईना, बोटांनी खरवडून काढावा लागला. एक पाय झाला. मग त्यानं सुजलेला पाय आपणहून जरा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आई धुवायची तेव्हाही तो असंच करायचा. मला समोरचं काही दिसेनासं झालं. मी मान वर केली नाही.

दादा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, "बैल राग धरत नाई."

स्वतःचं त्यानं काही सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. वहिनीनं तांब्या पुन्हा भरून दिला. मी मागचे पाय धुवायला घेतले.