उपाध्यक्षपदाचं गेट्टी मेळम

माझ्या भावोजींना खंडाच्या हँडबॉल महासंघाचं उपाध्यक्ष व्हायचं होतं आणि माझ्या अक्काला तंजावूर सोडून कोइंबतूरला लेकीकडे राहायला जायचं होतं. एवढी एक तेढ नसती तर त्या दोघांना इतकी वर्षं एकमेकांशी बोलायला काय विषय सापडला असता, देव जाणे. अक्का तमिळ वाचते, इंग्रजी वाचते. आमच्या इथल्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे देवनागरी मात्र तिला येत नाही. म्हणून हे मी निर्धास्तपणे लिहितो आहे.

भावोजी तरुणपणी हँडबॉल खरोखर खेळले होते, गोलकीपर होते. महासंघात ही गोष्ट जरा अडचणीचीच होती. अध्यक्षांनी आयुष्यात चेंडू उचलला तो उद्घाटनापुरता, तोही कलिंगड धरावं तसा दोन्ही हातांनी. सरचिटणीस पूर्वी कुठल्याशा विमान कंपनीत होते. त्यामुळे महासंघाचा अर्धा कारभार कोण कुठल्या विमानाने येतो आणि कुणाला पुढची खुर्ची मिळते, यातच आटपायचा. भावोजी कॉलेजातून क्रीडासंचालक म्हणून निवृत्त झाले होते आणि महासंघाच्या लवाद समितीचे अध्यक्ष होते. ही समिती कधीच भरली नव्हती. तरी तिचे नियम भावोजींनी स्वतः, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून, तयार केले होते.

महासंघाच्या घटनेत गुप्त मतदान होतं. प्रत्यक्षात सगळं टाळ्यांनी व्हायचं. अध्यक्ष नाव पुकारायचे, हरकत आहे का असं विचारून चष्मा पुसायचे आणि चष्मा पुसून होईपर्यंत कुणी बोललं नाही की टाळ्या. वयाची अटही होती. देवाच्या स्वारीपुढे छत्रीवाला चालतो तशी ती दर अधिवेशनात अध्यक्षांच्या वयापुढे थोडं अंतर राखून चालायची. जागा रिकामी होण्याचा मार्ग एकच होता आणि त्याचा पोटनियम महासंघाच्या हातात नव्हता. आमच्या विभागाचे उपाध्यक्ष त्या मार्गाने गेले. ती बातमी भावोजींनी मला फोनवर इतक्या आनंदाने दिली, की मी आधी त्यांचं अभिनंदन केलं आणि मग कोण गेलं ते विचारलं.

मोठ्या शहरांनी अधिवेशनाला नकार दिला होता. अध्यक्षांनी भावोजींना स्वतः सांगितलं, "तुम्ही तंजावूरला भरवा. तुमचं नाव मी माझ्या तोंडाने पुकारतो."

अक्काने हे ऐकलं आणि आपली अट सांगितली. आमच्या घरातलं बोलणं जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं; ते कागदावर उतरत नाही. अर्थ असा : "हे शेवटचं. झालात, तर मी मरेपर्यंत येथेच राहते. नाही झालात, तर पुढच्या महिन्यात कोइंबतूर. आणि तो कोट पात्रवालीला."

तो कोट म्हणजे महासंघाचा गडद निळा ब्लेझर. खिशावर जरीचा बिल्ला : पृथ्वीचा गोल आणि त्याला धरलेला हात. तंजावूरच्या उन्हात भावोजी तो घालून बँकेत जायचे, दवाखान्यात जायचे, एकदा तर सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या तेराव्याला आले होते. जुनी कापडं घेऊन बदल्यात स्टीलची भांडी देणारी ही पात्रवाली बाई आमच्या गल्लीत येते. तिच्या पाटीकडे अक्का गेली काही वर्षं या कोटाच्या हिशेबानेच बघत होती.

हॉटेलांचे हॉल लहान पडले, म्हणून बायपासवरचं एक कल्याण मंडपम घेतलं. इथे लग्नाचा हॉल असा मिळतो की व्यासपीठ, फुलांची कमान, वधूवरांचा लाल मखमली सोफा आणि नादस्वरम-तविलचा, म्हणजे इकडच्या सनई-ढोलाचा ताफा सगळं त्यात आलंच. सोफा हलवायला मंडपमवाले तयार होईनात. त्यामुळे ठरलं असं, की सोफ्यावर अध्यक्ष आणि सरचिटणीस बसतील. मी एवढंच म्हणालो, की वधू कोण ते आधी ठरवा. भावोजींना हे आवडलं नाही. भेट काय द्यावी असं त्यांनी विचारलं तेव्हा मी आमच्या गावची मान हलवणारी बाहुली सुचवली. प्रत्येक सभासदाला एक. ती सूचना त्यांनी अगदी मनापासून मान्य केली. मग मलाच वाईट वाटलं.

वाजंत्र्यांचं मात्र सगळं त्यांनी स्वतः ठरवलं. महाराष्ट्रात मंगलाष्टकं संपता संपता 'वाजवा रे वाजवा' होतं, तसं इथे ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी गेट्टी मेळम होतं. घरातला कुणी वडीलधारा हात वर करतो आणि नादस्वरम, तविल सगळं एकदम पूर्ण जोराने सुटतं. हेतू असा, की त्या क्षणी कुणी शिंकलं, रडलं, वावगं काही बोललं, तर ते कुणाच्या कानांवर पडू नये. आणि एकदा सुरू झालेलं गेट्टी मेळम मध्येच थांबवत नाहीत. थांबवणं म्हणजे अपशकुन.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी भावोजींनी तविल वाजवणाऱ्या म्होरक्याला बोलावून घेतलं. माणूस पिढीजात, कानांत कुड्या, बोटांवर खळीच्या कडक टोप्या. इकडे साहेबांना 'अय्या' म्हणतात.

"अय्या, मुहूर्त किती वाजताचा?"

"मुहूर्त नाही. निवडणूक आहे."

"बरं. मुलगी कुठली?"

"मुलगी नाही हो. मी. माझी निवड होणार. माझं नाव पुकारलं की मी उठणार, हात वर करणार. त्याच वेळी गेट्टी मेळम. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघायचं नाही."

"एक बोट की अख्खा हात?"

"अख्खा."

मी विचारलं, "भावोजी, सभेत मत द्यायला लोक हात वर करतात ना? घोटाळा होईल."

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुम्ही पुस्तकं वाचता, सभा पाहिल्या नाहीत. आमच्याकडे आजवर कुणी हात वर केलेला नाही. म्हणून तर ही खूण ठेवली."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. कॉलेजातल्या हँडबॉल खेळणाऱ्या मुलींना रेशमी परकर-दावणी, म्हणजे इकडची अर्धी साडी, नेसवून गंध-कुंकवाची तबकं घेऊन दारात उभं केलं होतं. एकीने मला हळूच विचारलं, "सर, यांच्यातले खेळणारे कोण?" मी भावोजींकडे बोट दाखवलं. भावोजी तेव्हा अध्यक्षांच्या बुटांसाठी जागा शोधत होते.

अध्यक्ष सोफ्यावर बसले. ते आकाराने मोठे, सरचिटणीस लहानखुरे आणि लाजरे. फोटोवाल्याने सवयीने त्यांना "थोडं जवळ या" म्हटलं. ते जवळ सरकले. सभासदांच्या टेबलांवर बाहुल्या मांडल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्या माना हलत होत्या. अहवाल वाचला, टाळ्या. हिशेब वाचलाच नाही, टाळ्या. वयाची अट पुढे सरकली, टाळ्या. पहिल्या रांगेत अक्का निळी रेशमी साडी नेसून बसली होती. तिच्या मांडीवर पोन्नाडै होती, जरीकाठी शाल. निवड झाल्यावर ती अध्यक्षांच्या हातून भावोजींच्या खांद्यांवर पडायची होती. ती भावोजींनी स्वतः दोन दुकानं पालथी घालून निवडली होती.

मग आमच्या विभागाचं उपाध्यक्षपद आलं. भावोजींनी कोटाची बटणं लावली. अध्यक्षांनी एक चिठ्ठी काढली, लांब धरली, जवळ धरली आणि नाव पुकारलं. ते नाव भावोजींच्या शेजारी बसलेल्या एका सिमेंटच्या व्यापाऱ्याचं होतं. त्याच्या देशात अध्यक्षांच्या नावाचं स्टेडियम नुकतंच पायापर्यंत आलं होतं. सकाळी भावोजींनी त्याला आग्रहाने दुसऱ्यांदा गोड पोंगल वाढायला लावला होता.

"हरकत?" अध्यक्षांनी विचारलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मला भावोजींचा चेहरा दिसत होता. बातमी कानांतून आत जायला त्यांना वेळ लागला. मग ते ताडकन उठले. तोंड उघडलं. महासंघाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी हरकत घेणार होतं. आणि अंगात गोलकीपर मुरलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं : अंगावर काही आलं की हात आपोआप वर. अख्खा हात.

गेट्टी मेळम सुटलं.

बंद हॉलमध्ये दोन नादस्वरम आणि दोन तविल काय करतात, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. परदेशी पाहुणे दचकून उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर टाळ्या वाजवण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं. सांगून ठेवल्याप्रमाणे मुलींनी फुलांच्या पाकळ्या उधळल्या. भावोजी ओरडत होते. ओठ हलताना दिसत होते. "थांबवा" म्हणून त्यांनी वर केलेला हात हलवला. तविलवाल्याला वाटलं, अजून जोरात हवं आहे. त्याने दिलं. त्या माणसाने आयुष्यात कितीतरी लग्नं अपशकुनापासून वाचवली असतील. त्या दिवशी त्याने भावोजींच्या तोंडून एक शब्दही बाहेर येऊ दिला नाही.

संपलं तेव्हा सिमेंटचा व्यापारी डोळे पुसत होता. अध्यक्ष व्यासपीठावरून खाली उतरले, हे ते सहसा करत नसत, आणि त्यांनी भावोजींना मिठी मारली. माईकवर म्हणाले, "यजमानांचं मन पाहा. स्वतः उमेदवार होते. तरी खूण त्यांनीच केली."

पुन्हा टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "शाल!" अक्का उठली, मांडीवरची पोन्नाडै घेऊन सरळ नवऱ्यापाशी आली आणि त्यांच्या हातात दिली. भावोजींनी ती व्यापाऱ्याच्या खांद्यांवर घातली. व्यापारी उंच होता; त्यासाठी त्यांना टाचा वर कराव्या लागल्या. फोटोवाला म्हणाला, "अय्या, परत एकदा. हसून." त्यांनी परत एकदा घातली.

जेवणाच्या वेळी त्यांनी सरचिटणीसांना हात धुवायच्या नळापाशी गाठलं. मी मागेच होतो.

"हे रद्द झालं पाहिजे. मी हरकत घेत होतो."

"जरूर," सरचिटणीस म्हणाले. "लवाद समितीकडे तक्रार करा."

"समितीचा अध्यक्ष मीच आहे."

"हो. म्हणून जरा कठीण आहे. ज्याची तक्रार, त्याला समितीवर बसता येत नाही. आणि अध्यक्षाशिवाय समिती भरत नाही." त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसलं. "नियम फार चोख आहेत. कुणी केले होते?"

भावोजी पानावर येऊन बसले. तविलवाला आपलं जेवण आटोपून मुद्दाम त्यांच्यापाशी आला, वाकून नमस्कार केला. "अय्या, नीट झालं ना? तुमचा हात दिसला नि सोडलं. एक क्षणही उशीर नाही."

"नीट झालं," भावोजी म्हणाले. त्या दिवसात त्यांनी केलेली सभ्य अशी ती एकच गोष्ट होती, आणि ती करताना त्यांच्या हातातला रसमभाताचा घास पानावर गळून पडला.

अक्का समोरच्या रांगेत जेवत होती. तिने पायसम दुसऱ्यांदा घेतलं. मग मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "कोइंबतूरला संध्याकाळी गार वारा सुटतो. यांना एक स्वेटर लागेल. कोट तर राहणार नाही."

मला वाटलं होतं ती थोडे दिवस जाऊ देईल. सामान बांधायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात ती दारात उभी राहिली आणि पात्रवालीला हाक मारली. भावोजी ओसरीवर खुर्चीत होते. अक्काने कोट आणून बाईच्या पुढ्यात टाकला. बाईने तो उलटा केला, अस्तर ओढून पाहिलं, काखेत वास घेतला.

"अम्मा, या उन्हात कोट कोण घालतं? एक तूक्कू देईन. लहान." तूक्कू म्हणजे आपला कडीचा डबा.

"मोठा दे. कापड परदेशी आहे."

"कापड असेल. पण हा बिल्ला बघा. हा असला तर कुणी हात लावायचा नाही. लग्नातल्या बँडवाल्याचा वाटतो. काढून द्या, मग मोठा देते."

अक्का आत गेली, दाढीचं पातं घेऊन आली आणि ते कोटासकट नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. भावोजींनी एकेक टाका उसवला. घाई केली नाही, कापड कुठे फाटू दिलं नाही. तोवर बाई पायरीवर बसून पाणी प्यायली. पृथ्वीचा गोल सुटून हातात आला. त्याखालचं कापड अजून अगदी नवं, गडद निळं होतं. बाकी कोट किती विटला होता, ते तेव्हा कळलं.

बाईने कोटाची घडी करून ती गाठोड्यात कोंबली आणि कडीचा मोठा डबा अक्काच्या हातात दिला. अक्काने झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं. बाई पाटी डोक्यावर घेऊन उठली, तसे भावोजी खुर्चीतून अर्धवट उठले. काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि हात वर गेला.

अक्का डब्याच्या झाकणाकडेच बघत होती.

"हात खाली," ती म्हणाली.

त्यांनी हात खाली घेतला. बाई कोपऱ्यावरून वळून गेली.